खर्ड्याच्या सरांचं जर्मन घड्याळ

४ जून, केडगाव
खर्ड्याचे साळवे सर चादरीत गुंडाळून घड्याळ घेऊन आले. जर्मन, लाकडी, कपाटावर ठेवायचं, टोल्याचं. त्यांच्या आजोबांना मिशनच्या मडमेनं दिलेलं. कित्येक वर्षं बंद. ह्यांचा उजवा हात अर्धांगानं गेल्यापासून आमचं दुकानही बंदच. मी नाही म्हणणार, तोवर हे खाटेवरून म्हणाले, "ठेवून जा. हात हिचे, डोकं माझं."
मला विचारलं नाही.

६ जून
स्प्रिंग तुटलीय. चाकं पेट्रोलमध्ये धुतली. हे सांगतात, मी करते. मधेच ह्यांचं औषध, लघवीचं भांडं, हात धुवून परत चिमटा. दहा महिन्यांत चर्च सोडून कुठं गेले नाही. बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा परवा, श्रीरामपूरला. कळवलं, जमत नाही.

११ जून
नवी स्प्रिंग बसली. सरांचा फोन. घड्याळावरच्या नावावरून त्यांनी तिकडच्या एका संग्रहालयाला लिहिलं होतं, उत्तर आलं. घड्याळ करणारे दोन भाऊ, डोंगरातलं गाव, घरातच कारखाना. धाकटा अमेरिकेला गेला. थोरला आजारी आईपाशी राहिला, एकटाच घड्याळं करायचा. पुढं मोठ्या कंपनीनं सगळं घेतलं, नाव गेलं.
थोरल्याचं काय झालं, विचारलं. "ते त्यांनाही माहीत नाही," सर म्हणाले.
दिवसभर तोच डोक्यात. भाजी करपली.

१५ जून
चाललं. हे डोळे मिटून ऐकत होते. "टिकटिक लंगडतेय. डाव्या पायाखाली कागद घाल." घातला. ताल बसला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. मग म्हणाले, लोकांना कळव आता, कामं येतील, तुझा वेळ घरबसल्या जाईल.
घरबसल्या.

१८ जून
सर घड्याळ घेऊन गेले. जामखेडला त्यांच्या ओळखीतल्या कुणी मुलींसाठी घड्याळदुरुस्तीचा वर्ग काढलाय. दर मंगळवारी शिकवायला याल का, त्यांनी मला विचारलं. उत्तर ह्यांनी दिलं.
"ती कशी येणार? मला कोण बघणार?"
मी सरांना म्हटलं, "विचार करून कळवते."
हे जेवले नाहीत नीट.

२० जून
शेजारच्या विमलबाईंना विचारलं, मंगळवारी दिवसभर ह्यांच्यापाशी बसाल का. म्हणाल्या, "एक मंगळवार बसते. लई जड न्हाई गेलं तर फुडचं बघू."
तिथूनच सरांना फोन केला. येते म्हणून सांगितलं.
ह्यांना सांगायचं राहिलंय. हाक मारतायत.