नव्या रिव्हॉल्व्हरचं न फिरणारं चाक

शॅनन, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप बाळासाहेबमामांना त्यांच्या भाचीचा, गुंजनचा, खाली वाकून नमस्कार.

मामा, घरातली पहिली पदवी, तीही यंत्रांची, फ्रेम करून भिंतीला लावून घेतलेल्या मुलीला खेळण्यातल्या रिव्हॉल्व्हरचं चाक फिरवता येत नसेल, तर ती चार वर्षं कॉलेजात नक्की काय शिकली? तीन दिवस विचार करतेय. तुम्ही सातवी शिकून निम्म्या मिरजेची शिलाई मशीनं चालती ठेवलीत, म्हणून तुम्हालाच लिहायचं ठरवलं. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला पायडल मारून बघू देत नसतील अशी आशा करते. मी बरी आहे, जेवते वेळेवर, आईला तसं सांगा. तक्रार कागदावर लिहून आणल्याशिवाय तुम्ही कुणाचं मशीन हातात घेत नाही, म्हणून फोन न करता लिहितेय. कागदांचे फोटो तुमच्या रेवतीला पाठवते, ती दुकानात वाचून दाखवेल.

आधी हे सांगते की रिव्हॉल्व्हर खोटं आहे. दिवाळीच्या टिकल्या फोडायचं, फक्त लोखंडी आणि दिसायला अगदी खरं. (रस्त्यात कुणी घाबरू नये म्हणून मी ते पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवून शॅननहून शेजारच्या लिमरिक शहरात नेते.) तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, म्हणजे येत्या शनिवारी, मी लिहिलेलं नाटक आहे. हो, मीच लिहिलं. शेवटी सावकार आजीच्या दारात येऊन धमकावतो, आजी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढते, हवेत बार उडवते आणि तो पळून जातो. सावकार झालाय तन्मय, सॉफ्टवेअरवाला, ज्याच्या घरी तालमी होतात. आजी झाल्यात त्याच्या आई, शकुंतलाकाकू. पाच महिन्यांपूर्वी कराडहून आल्या, एकट्या बाहेर पडत नाहीत, इंग्रजी येत नाही आणि सून कामाला गेली की घरात बोलायला कुणी नाही. त्यांनी आपली वाक्यं कागदावर लिहून प्रेसच्या दारावर चिकटवली होती (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मला वर्षभर वाटायचं सगळे इस्त्रीबद्दल बोलतायत). पोळ्या लाटताना त्या तन्मयच्या बायकोला दरडावून पाठ करायच्या.

आता यंत्र. याला सिंगल ॲक्शन म्हणतात. म्हणजे दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. घोडा ओढला की टिकल्यांचं चाक एक घर पुढे सरकतं, मग चाप दाबला की घोडा पडतो आणि बार होतो. पुन्हा हवा, तर पुन्हा ओढा. आलं त्या दिवशी मी आठच्या आठ बार काढून पाहिले, एकही फुसका नाही. पुढच्या तालमीला काकूंनी घोडा ओढला तर तो अर्ध्यावर येऊन अडला. चाक हलेना. काकूंनी दोन्ही अंगठे लावले, तन्मयने दात लावायचे तेवढे बाकी ठेवले. मग म्हणाला, "टेन्शन नको घेऊस, आपण तोंडाने ठो म्हणू. ग्रँड होईल." मामा, याच माणसाच्या भरवशावर एका बँकेची यंत्रणा चालते.

मी माहितीपत्रक उघडलं. ते चार भाषांत आहे आणि चारही भाषांत एकच सांगतं, की लहान मुलांपासून दूर ठेवा. मग आमच्या कारखान्यात बिघाड शोधताना करतो तसं केलं. मोठ्या कागदावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढली, संभाव्य कारणं लिहिली (अकरा झाली), एकेक खोडत गेले. स्प्रिंग ठीक. चाप ठीक. टिकल्यांची चकती नीट बसलेली. मग तुमचे दुकानातले प्रश्न आठवले: कधीपासून, कशानंतर, कुणी हात लावला? तेच काकूंना विचारले. दसऱ्याला त्यांनी ते पाटावर पूजेला ठेवलं होतं, माझा लॅपटॉप, तन्मयचा स्क्रू ड्रायव्हर आणि विळी यांच्या रांगेत. पूजा झाल्यावर, नवीन आहे, कुरकुरतंय म्हणून त्याला खोबरेल तेल घातलं! इथल्या थंडीत खोबरेल बाटलीत दगड होतं. काकूंनी बाटली गरम पाण्यात धरून ते पातळ केलं आणि प्रेमाने आत सोडलं. अर्ध्या तासात आत त्याची मेणबत्ती झाली असणार.

मला इतका आनंद झाला की मी ताबडतोब अहवाल लिहिला. बिघाडाचं मूळ कारण: अयोग्य वंगण. जबाबदार व्यक्ती: श्रीमती शकुंतला. पुढील उपाय: नाटकाच्या सामानाला ज्येष्ठांनी हात लावू नये. तो मंडळाच्या चौसष्ट कुटुंबांना मेल केला. (कारखान्यात नाव लिहावंच लागतं. त्यात वैयक्तिक काही नसतं. इथे ते कुणाला समजावून सांगायचं?) दुसऱ्या दिवशी प्रेसच्या दारावरचा कागद निघालेला होता. काकू म्हणाल्या, "मी नाही आता येत नाटकात. माझ्या हाताने वस्तू बिघडत्यात." चहा मात्र दिला, बिनसाखरेचा.

मग मी हेअर ड्रायरने ते रिव्हॉल्व्हर तासभर भाजलं. तेल वितळलं, गळलं, पुसलं. माझ्या खोलीला नारळीपाकाचा वास येतोय. आणि चाक अजून हलत नाही. मुठीखाली एक स्क्रू आहे आणि चाकाच्या पुढे एक दांडी. आधी काय काढू, आत काय उडून जाईल, एवढंच रेवतीला सांगून कळवा. मामींना नमस्कार.

तुमची,
गुंजन

ता. क. तुमच्या उत्तराची वाट पाहवली नाही. मी निघताना तुम्ही दिलेल्या पेचकसांतल्या सर्वांत बारक्याने उघडलं. आधी दांडी काढायची असते. चाक आणि चौकटीच्या फटीत तांदळाचा एक दाणा होता, कुंकू लावलेला. तो काढला आणि चाक गरागरा फिरलं.

ता. क. २. रेवती, हे गिऱ्हाईक असताना वाचू नकोस. मामा, अक्षता काकूंनी टाकल्या नव्हत्या. त्या दिवशी शस्त्रांची पूजा करणं कसं चूक आहे यावर मी पाटासमोर उभी राहून बोलत होते. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं बाई, तुझ्या लॅपटॉपवर तरी टाक चार दाणे." मी रागाने मूठभर फेकल्या. निम्म्या लॅपटॉपवर पडल्या. स्क्रूचं मी उगीच विचारलं. खरं विचारायचं होतं ते हे, की एखाद्या गिऱ्हाइकावर तुम्ही चुकून आळ घेतलात, तर तुम्ही पुढे काय करता?

ता. क. ३. तेही राहू द्या. दाण्याचा फोटो पट्टीशेजारी ठेवून काढला आणि दुरुस्त अहवाल चौसष्टही कुटुंबांना पाठवला. जबाबदार व्यक्ती: गुंजन. मग लिमरिकला जाऊन काकूंच्या पाया पडले. त्यांनी घोडा ओढून पाहिला, एकदा, दोनदा, आठदा. मग म्हणाल्या की येते, पण बार झाल्यावर आजीला जे अहिंसेचं भाषण आहे, ते काढ. "आगं, हात वर धरून दुखतोय. आणि बार काढल्यावर माणूस पळतो, भाषण ऐकाय थांबतो व्हय?" मी सांगितलं की ते भाषण म्हणजे नाटकाचा आत्मा आहे, त्याच्यासाठीच तर सगळं लिहिलं. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला, साखर घातलेला, आणि वाट बघत बसल्या.

भाषण काढलं. चौदाही वाक्यं. नव्या प्रती दुपारी सगळ्यांना गेल्या.