पाणचक्कीतलं भूत आणि नॉर्माचा कोट

२ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. नॉर्मा, माझी बायको, बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली, त्याला सहा महिने झाले. येईल स्वतःहून. मी बोलावणार नाही. बोलावलं की चूक माझी होती असं ठरतं. जेवायला डब्यातलं सूप. भांडी उद्या.

४ ऑक्टोबर, सकाळी नऊ
नॉर्माचा फोन! तिचा हिवाळ्याचा जाड कोट घरीच आहे ना, विचारत होती. म्हणजे हिवाळा इथे काढायचं ठरलेलं दिसतंय. सरळ सांगायला कमीपणा वाटत असणार. मी नुसतं 'आहे' म्हणून फोन ठेवला. ठेवताना ती पुढे काहीतरी बोलत होती असं वाटलं. महत्त्वाचं असतं तर परत केला असता.
भांडी उद्या.

५ ऑक्टोबर
चौदा तारखेला पाणचक्की लोकांसाठी उघडणार. वर्षातून एकच शनिवार. ओहायोत पहिली वस्ती करायला आलेल्यांनी बांधलेली चक्की, आणि गेली वीस वर्षं तिचा गाइड मी. लोक दळण बघायला येत नाहीत, माझं भूत ऐकायला येतात. चक्कीवाल्याची बायको त्याला सोडून गेली, तो झुरून मेला, अजून तिच्यासाठी चक्कीतली घंटा वाजवतो. मर्ल योस्ट म्हणतो, बायकोचा भाग मी यंदा घुसडला. मर्ल चक्की सांभाळतो, त्या दिवसापुरती चालवतो. त्याला गोष्टीतलं काय कळतं?
नॉर्माचे वडील इथले शेवटचे चक्कीवाले. तरी वीस वर्षांत ती माझं ऐकायला एकदाही आली नाही. भीती, दुसरं काय. यंदा मात्र ती घरी भाजलेले ॲपल पाय विकायला येणार आहे. मर्लनेच सांगितलं.
प्लॅन: नॉर्मा माझ्या शेजारी. घंटा आपोआप वाजते. नॉर्मा माझा दंड धरते. दोघं घरी.

८ ऑक्टोबर, रविवार
चर्च बुडवून चक्कीत. घंटेला मासे धरायची बारीक दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या उभं राहायच्या जागेपर्यंत आणलं. घंटेपासून जात्यावरच्या धान्याच्या पेटीत एक जुनी, काळी पडलेली चामड्याची वादी जात होती. सारखी अडकत होती. चाकूने कापून टाकली. मर्लचं देखभालीकडे लक्षच नाही. त्याला एक कडक पत्र लिहायचं.

१४ ऑक्टोबर, सकाळी सात
दाढी. तिचा कोट ब्रशने झाडून दाराजवळच्या खुंटीवर. भांडी घासली, सगळी. आज संध्याकाळी या घरात दोन माणसं असतील.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा
सविस्तर लिहीत नाही.
दोरी माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकली. मी हललो की घंटा. खोकलो तरी घंटा. मर्ल दोनदा धावत येऊन पेटीत डोकावला, पेटी भरलेली. तिसऱ्या वेळी वैतागून बाहेर जाऊन बसला. लोक हसले. नॉर्माने दंड धरला नाही. तिने आधी पेटीत पाहिलं, मग घंटेकडे, मग दोरीकडे, मग माझ्या पट्ट्याकडे. आणि ॲपल पाय विकायला निघून गेली.
मी दोरी तोडली आणि गोष्ट पुढे नेली. रंगली होती. पाऊण तास झाला असेल. मग जळका वास. मला वाटलं, कोणाचा तरी ॲपल पाय करपला. नॉर्मा पिठाच्या हातांनी धावत आत आली आणि तिने चाकाकडे येणाऱ्या पाण्याचं दार पाडलं. जातं थांबलं. पेटी रिकामी होती. दगडावर दगड घासत होता. पहिल्या वस्तीपासूनचे दगड, त्यांच्या खाचा गेल्या.
मर्लला कापलेली वादी सापडली. मी म्हणालो, भुताचं काम असेल. कोणी हसलं नाही.
नॉर्मा म्हणाली, "ती घंटा भुताची नाही, व्हर्जिल. वादी धान्याखाली दाबलेली असते. धान्य संपत आलं की सुटते आणि घंटा वाजते. बाबा भरल्या ताटावरून उठून धावायचे. तू वीस वर्षं लोकांना ही चक्की दाखवतोस, ती घंटा कशाला आहे ते विचारावंसं नाही वाटलं?"
मी म्हणालो, मला कोणी सांगितलंच नाही.
"मी सांगितलंय," ती म्हणाली. "लग्नाआधी. नंतरही किती वेळा."
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी मर्लचा फोन. पुढच्या वर्षी गाइड नको. मी म्हणालो, मीच सोडणार होतो.
दहाला नॉर्मा आली. गाडी चालूच ठेवून. मी चहा दोघांचा टाकला होता. ती कोटासाठी आली होती. बहिणीचं घर फार गार पडतं म्हणाली. त्या दिवशी फोनवर हेच सांगत होती, पण मी ठेवून दिला.
मी म्हणालो, बस ना. बोल, आता मी ऐकतोय.
तिने कोटाची बटणं लावली, सगळी, वरपर्यंत. "आता सांगायचं काही उरलं नाही रे," म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.
दोन्ही कप मीच प्यायलो.
दुपारपासून फोनजवळ बसून आहे. वाजला नाही.