उतारावर उभी राहिलेली गाडी

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

सागाच्या तुकड्यातून कोरलेली बॉडी, सायकलच्या आऱ्यांचे अ‍ॅक्सल, जुन्या पंख्याच्या पत्र्याचं बॉनेट, उघडमीट करणारी दारं (दोन्ही बाजूंची, आवाज न करता) आणि खराखुरा लागणारा हँडब्रेक. माझ्या लेकीच्या, ठिणगीच्या, शर्यतीतल्या गाडीसाठी हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं होतं, कुठल्याही पुस्तकात न बघता. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे माझी शोभाच झाली आहे. (तुझी कंबर कशी आहे? तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधली शिकाऊ मंडळी क्लच सोडताना हिसके देणारच. पाठीशी उशी घेऊन बसत जा.)

त्या पहिल्या शर्यतीचं तुला कोणी धड सांगितलेलं नाही. शाळेच्या सभागृहात फळ्यांचा लांब उतार आणि त्यावर मुलांच्या वीतभर गाड्या. मोटर नाही, सेल नाही. सोडली की आपल्या वजनाने घरंगळायची. आता तू म्हणशील, घरंगळणाऱ्या गाडीला ब्रेक कशाला? अगं, आपल्या गॅरेजमधून बिनब्रेकची गाडी कधी बाहेर पडली आहे का? इथवर ठीक होतं. पण गाडी रेषेवर लावून दिली आपल्या आप्पांनी (जन्मभर बस चालवली; निवृत्त झाले ते फक्त कागदावर). गाडी उतारावर उभी केली म्हटल्यावर हाताच्या सवयीने, नखाने, हँडब्रेक ओढला. शिट्टी वाजली. बाकीच्या गाड्या सुसाट गेल्या आणि आपली लाल सिग्नलला थांबावी तशी उभी! सगळं सभागृह हसतंय आणि आप्पा शेजारच्या गृहस्थांना सांगतायत, "बघितलंत? तसूभर हलली नाही. याला म्हणतात ब्रेक!" मीही, खरं सांगतो, क्षणभर फुगलो. मग पोरीचा चेहरा दिसला.

रडली नाही ती. घरी येऊन गाडी माझ्या बाकावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, ही तुमची आहे. मी फक्त धरून नेली होती." त्यानंतर शर्यतीचं नाव नाही, गॅरेजात पाऊल नाही. आपल्या घरातलं मूल, आणि ग्रीसचा वास आला की दार लावून घेतं!

मग सुट्टीत तू तिला नेलंस. परत आली ती खोक्यात गाडी घेऊन. त्या गाडीबद्दल काय लिहू? चार चाकं म्हणजे चार घरचे पाहुणे. एक बाजू तासलेली, दुसरी उंदराने कुरतडल्यासारखी. मी विचारलं, "आत्यानं काय काय शिकवलं?" तर म्हणते, "काही नाही. शेजारी बसून पेपर वाचत होती. बोट कापलं तेव्हा पट्टी लावली आणि परत पेपर."

काल शर्यत झाली. आत शिरताच ठिणगीने मला आणि आप्पांना चहाचे काठोकाठ भरलेले कप दिले, प्रत्येक हातात एक. "प्यायचा नाही, नुसता धरायचा!" (आमचे हात गुंतवायची ही युक्ती तुझीच ना?) शिट्टी झाली आणि गाडी सुटली. डावीकडे ओढत होती, कडेला चरचर घासत होती. मध्येच अशी रेंगाळली की आप्पांचा उजवा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबू लागला. पण पोचली. शेवटून दुसरी. पोरगी अशी उडाली, "बाबा, माझी सुटली! माझी पोचली!" म्हणत अशी येऊन धडकली, की दोन्ही कप माझ्या शर्टावर. भाजल्याचं कळलं ते घरी आल्यावर.

ताई, मी तिला काय वाटेल ते करून दिलं असतं. ते शेजारी नुसतं बसणं तेवढं मला या जन्मी जमलं नसतं. ते तू केलंस. पोरगी परत हसायला लागली. तुझे हे उपकार कसे फेडू, तूच सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण हे की पुढच्या सुट्टीतही तिला ने. जमल्यास आप्पांनाही ने. काल संध्याकाळी, तिने गाडी ठेवलेल्या कपाटापाशी तेलाची पिचकारी घेऊन सापडले. म्हणाले, वाट चुकलो.

आणखी एक. तिच्या गाडीचं मागचं डावं चाक एका वॉशरने सैल आहे. मला ते उतारावरच दिसलं होतं, तरी मी बोललो नाही, याची कृपया नोंद घ्यावी. आज सकाळी बाईसाहेब आपल्या पायांनी गॅरेजात आल्या, गाडी बाकावर ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या थाटात म्हणाल्या, "हे चाक बसवून द्याल का? मजुरी देते." हात असे शिवशिवले म्हणून सांगू! पण वॉशरचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि काम घेत नाही म्हणालो. बारा रुपये देत होती, ताई. रोख.