गुरुवारी ओपीडी बंद

३ मार्च १९९७, सोमवार
नवं पर्व सुरू. आमच्या व्यसनमुक्ती विभागातले सोशल वर्कर, उज्वला आणि अश्विन, केसेस चांगल्या घेतात. रिसर्चच्या नावाने मात्र शून्य. विभागप्रमुख मी. तीन महिन्यांत दोघांना संशोधक करणार! विषयही ठरला: दारू सोडायला आलेले पेशंट मध्येच यायचे का थांबतात? दर गुरुवारी ट्रेनिंग, त्या दिवशी ओपीडी बंद. उज्वला म्हणाली, सर, गुरुवारी उरणकडचे लोक येतात. म्हटलं, सोमवारी येतील. पळून जातायत का?

६ मार्च, गुरुवार
पहिलं लेक्चर. फारच रंगलं. अश्विन तर डोळे मिटून ऐकत होता. मध्येच कोणीतरी दार वाजवलं. उज्वला उठली, तिला बसवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

१३ मार्च
सॅम्पलिंग घेतलं. पुन्हा दार. बराच वेळ. मी आवाज चढवला, तेव्हा थांबलं.

१७ मार्च
उरणच्या मोरा बंदरचा नामा गेला. पिऊन जेट्टीवरून पडला. आमचाच पेशंट. वाईट वाटलं. पण संशोधकाने अलिप्त राहायचं असतं. गुरुवारी हेच शिकवणार.

२० मार्च
अलिप्तता शिकवली. दार वाजलं. या वेळी मीच उघडलं. बाहेर कोणी नाही. अश्विन म्हणतो, सर, वाजलंच नाही. कान तपासून घे म्हटलं.

२३ मार्च, रविवार
घरी. जेवताना. बायको म्हणाली, कोणी नाहीये, जेवा.

२७ मार्च
ट्रेनिंग वरच्या मजल्यावर हलवलं. तिथेही तेच. सुताराला बोलावलंय. बिजागऱ्या सैल असणार.

२ एप्रिल
उज्वलाला पहिली मुलाखत नामाच्या घरी घ्यायचीय. म्हटलं, मयत माणूस सॅम्पलमध्ये बसत नाही. म्हणाली, त्याची आई आहे ना. वर विचारते, सर, एवढा घाम का फुटलाय? एप्रिल आहे बाई!

५ एप्रिल
शेवटी गेलो. मुलाखत कशी घेतात ते दाखवायला. नामाच्या आईने, दुर्गाबाईंनी, चहा ठेवला. मी प्रश्नावली काढेपर्यंत त्याच बोलायला लागल्या. "दोन गुरवार गेला व्हता पोर. दार बंद. आतमंदी कोन तरी मोठ्यान बोलत व्हता. वाजवून वाजवून परत आला. कोन व्हता तो, साहेब?"
उज्वलाने पेन खाली ठेवलं.
मी म्हटलं, चौकशी करून कळवतो. चहा अर्धाच ठेवला. साखर जास्त होती.

१० एप्रिल, गुरुवार
ट्रेनिंग तूर्त स्थगित. ओपीडी सुरू केली. दुपार झाली, एकही पेशंट नाही. शिपाई म्हणाला, गुरुवारी बंद असतं हे तिकडे सगळ्यांना माहीत झालंय. उज्वला आणि अश्विन घरोघर सांगायला निघाले. मीही चपला घातल्या. उज्वला म्हणाली, नको सर, तुम्ही इथेच थांबा. कोणी आलंच, तर त्याला बोलू द्या.
बसलोय.