सुझूला हाक मारायची नाही

कुमामोतो, जपान
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
वृंदाचा सा. न. वि. वि.

आईचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की तुम्ही पाण्याची मोटर बंद करायला उठता, हे आता सहा महिने चाललंय. एवढा वेळ मोटर चालली असती तर सोसायटी वाहून गेली असती. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्र हातात पडल्यावर तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही.

तोयोसू भागातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून मी इथे आले, याचा राग मला समजतो. लशीच्या कारखान्याच्या तबेल्यात एकतीस वर्षं लीद उपसली ती मुलीनेही तेच करावं म्हणून नव्हे, असं तुम्ही आईपाशी म्हणालात. पण निदान कोणाची उपसते ते तरी ऐका. इथे चाळीसेक चिंपांझी आहेत, सगळे प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले. काविळीची लस माणसांना मिळावी म्हणून त्यांनी आयुष्यभर सुया सोसल्या.

सुझू त्यांतली सर्वांत थोरली, एक्केचाळीस वर्षांची. तीस वर्षं पिंजऱ्यात गेली, पायांना माती ठाऊक नाही. सकाळी दार उघडलं की बाकीचे अंगणातल्या मनोऱ्यांवर पळतात. ही उंबऱ्यावर बसून राहते. मी जाळीबाहेरून लाडाने हाका मारते, रताळं दाखवते, पण ती हलत नाही. थंडीआधी ती बाहेर पडली नाही तर तिला कायमचं आतल्या आजाऱ्यांच्या खोलीत हलवणार, असं डॉक्टर म्हणाले. हाडांना ऊन हवं आहे, ते तिथे निदान दिव्याचं मिळेल, आणि एकटीसाठी हिवाळाभर दार उघडं ठेवता येत नाही. मला हे फार लागलंय, बाबा.

लोभ आहेच, हे मी धरून चालते. राग ओसरला की तेवढं कळवावं.

आपली,
वृंदा

पुणे
१७ ऑक्टोबर २०२४

चि. वृंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोटरीचा मजकूर तुझ्या आईने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि पोट धरून हसली. राग आहे. पण आधी कामाचं.

तू सगळं उलटं करते आहेस. त्या जनावराला तीस वर्षांत कोणी हाक मारली असेल आणि कशासाठी? आमच्याकडे सर्पदंशावरच्या औषधासाठी घोड्यांचं रक्त काढायचे. त्या दिवशी घोडीला नावाने बोलवायचं, हातावर गूळ धरायचा. मायेनेच करायचो. पण तिच्या लेखी नाव आणि गूळ म्हणजे सुई. तू रोज रताळं दाखवून सुझूला तेच आठवून देते आहेस.

हाक बंद. खाणं दाखवणं बंद. तिला दिसशील अशी, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बैस आणि आपलं काहीतरी काम करत राहा. काम खरं पाहिजे, नाटक त्यांना कळतं. बकुळा नावाची घोडी मी अशीच बाहेर काढली. लगामांना तेल लावत बसायचो. अकरा दिवस लागले.

वरिष्ठांना विचारल्याशिवाय करू नकोस. आणि गमबुटात रोज सुके मोजे घाल, नाहीतर पायांना चिखल्या होतात. आईचे आशीर्वाद आहेतच. तब्येत सांभाळलीस तर आमच्यावर उपकार होतील.

तुझा,
बाबा

कुमामोतो
१६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या प्रमुख मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, यांना ओळ न् ओळ जपानीत सांगितलं. मग त्यांनी प्रयोगशाळेतून आलेली सुझूची जुनी फाइल काढली. त्यात लिहिलं होतं की नावाने बोलावल्यावर सुझू आपणहून दंड पुढे करते. आम्ही इतके दिवस त्याला हुशारी समजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लागली की सुझूला कोणीही हाक मारायची नाही. मी जाळीला पाठ लावून बसले आणि अग्निशामक दलाच्या जुन्या पाइपांच्या पट्ट्या विणायला घेतल्या. त्यांचे इथे झोके करतात. पाऊस पडला, कंबर धरली, मी विणत राहिले. अठरा दिवस लागले. बकुळापेक्षा सात जास्त, कारण ही हट्टात तुमच्यावर गेली आहे.

गुरुवारी सकाळी जाळीतून आत गेलेलं पट्टीचं टोक कोणीतरी ओढलं. मी वळले नाही. मोरिता-सान गच्चीवरून पाहत होत्या, त्यांनी नंतर सांगितलं. सुझूने एक पाय गवतावर टेकवला, उचलला, तळव्याचा वास घेतला, पुन्हा टेकवला. असं करत करत माझ्यापर्यंत आली आणि दुपारपर्यंत उन्हात बसून माझं विणकाम उसवत होती. आजाऱ्यांच्या खोलीचा विषय आता बंद झाला.

मोरिता-सान तुम्हाला उदय-सेन्सेई म्हणतात, आपल्याकडे गुरुजी म्हणावं तसं. त्यांनी तुम्हाला कमरेतून वाकून नमस्कार सांगितलाय. तो मी जसाच्या तसा पाठवते आहे, माझ्या लोभासकट.

आपली,
वृंदा

पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

चि. वृंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बकुळाचं पुढे काय झालं ते तू विचारलं नाहीस. ती म्हातारी झाल्यावर आमच्याकडे तिला ठेवायला जागा नव्हती. न्यायला गाडी आली, तेव्हा ती कोणाला दाद देईना. मला पुढे केलं. गाडी तिला परत आणणार नाही हे ठाऊक असून मी हाक मारली आणि ती आली. त्यानंतर मी लोकांना फक्त कारखान्यात होतो एवढंच सांगत आलो. लाज लिदीची नव्हती, वृंदा. त्या हाकेची होती.

रविवारी सोसायटीच्या सभेत बाळासाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, की मुलगी जपानला कॉम्प्युटरमध्येच ना? मी सांगितलं, नाही, माणसांसाठी झिजलेल्या जनावरांना ती म्हातारपण देते, आणि मी स्वतः एकतीस वर्षं तबेल्यात होतो. मग अर्धा तास सगळे सुझूचंच विचारत होते. गच्चीच्या गळतीचा विषय राहूनच गेला. तुझ्या आईने घरी येऊन शिरा केला.

मला तुझा अभिमान वाटतो. फोनवर हे जमणार नाही म्हणून इथे लिहितो. फोनवर मात्र आता येईन.

एक काम कर. कामावरचा एक फोटो मोठा करून पाठव. हॉलमध्ये तुझ्या पदवीच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवलाय. गमबूट आणि फावडं दिसलं पाहिजे.

तुझा,
बाबा