जाळ्याखालची खोली

बाबा, या पोळ्याच्या सकाळी मी मधल्या खोलीत पाट मांडला, त्यावर दोन ससे बसवले आणि हळदकुंकू लावून त्यांना ओवाळलं. तुम्ही असता तर हातातलं निरांजन हिसकून घेतलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी ओवाळलं. आपल्या दारात आता बैल नाही. गावात ट्रॅक्टर आला, मागच्या जोडीतला एक म्हातारा होऊन गेला, दुसऱ्याला जोडीदार मिळाला नाही. दोन-तीन पोळे मी शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन दुसऱ्याच्या बैलांच्या पाया पडलो. पण पुरण आपल्या घरात शिजतं आणि नैवेद्य दुसऱ्याच्या दारात जातो, हे मनाला पटत नव्हतं. या वर्षी म्हटलं, घरात जे जीव आहेत त्यांचाच पोळा.

आदल्या संध्याकाळी मी खांदसुद्धा मळली. बैलाच्या खांद्याला लावतो तसं तूप आणि हळद बोटावर घेऊन दोघांच्या मानेला जराशी लावली आणि तुम्ही बैलांच्या कानाशी वाकून म्हणायचे तेच म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पांढऱ्यानं लगेच मान वळवून तूप चाटलं. राखी कानाची आहे तिनं मागचा पाय जमिनीवर आपटला. सकाळी केळीच्या पानावर पुरणपोळी ठेवली तर दोघांनी ती नुसती हुंगली आणि पानाची कड कुरतडून खाल्ली. तुमची सून दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "पुरण बैलाले, पान सशाले. अन् माणसाले काऊन उपाशी ठेवता? या आता जेवाले."

हे ससे माझ्या लेकीनं, तुमच्या नातीनं आणले. ती चंद्रपूरला नोकरी करते, खोली भाड्यानं आहे. घरमालक म्हणाला, इथं जनावर चालणार नाही. तेव्हा ती एका शनिवारी त्यांना खोक्यात घालून एसटीनं घेऊन आली. "बाबा, थोडे दिवस ठेवा. दोन्ही माद्याच आहेत, काही तरास नाई," असं मला म्हणाली. दुकानदारानं तसं सांगितलं होतं तिला. ते थोडे दिवस संपले नाहीत. आधी मी त्यांना अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं होतं. पण बोका यायचा, ऊन लागायचं, कुत्रं भुंकलं की दोघं एकमेकांच्या पोटाखाली डोकं खुपसायचे. मग एका दुपारी मी त्यांना उचलून मधल्या खोलीत सोडलं आणि दार लावून घेतलं. तीच खोली, बाबा. धान साठवायची ढोली आहे ती, तुमची बाज होती ती, आणि खुंटीवर तुमचं ससे धरायचं जाळं आहे ती.

गावानं काय म्हटलं ते सांगायला नको. पानठेल्यावर मी दिसलो की कोणी तरी विचारणारच, "काय भाऊ, वजन किती झालं?" एकानं तर घरी येऊन सांगितलं, मसाला माझ्याकडचा, भाकरी तुझ्याकडची. मी हसून घेतो. शिकार करणाऱ्याच्या घरात ससा पलंगाखाली झोपतो याची त्यांना गंमत वाटते, ती वाटणारच. मलाही कधी कधी वाटते.

तुमचं ते जाळं विणताना मी पाहिलं आहे. छपरीत भिंतीला टेकून तुम्ही बसायचे, अंबाडीची सुतळी पायाच्या अंगठ्यात अडकवायचे, बांबूची एक पट्टी मापाला धरायचे आणि गाठीमागून गाठ मारत जायचे. बोलायचे नाही. मी समोर बसून सुतळीचा गुंडा धरायचो. आणि धानाच्या कापणीचं मला सगळं आठवतं. शेतातली एकेक बांधी चारही बाजूंनी कापत कापत आत यायची, मधे उभ्या धानाचा एक तुकडा उरायचा, आणि बांधीतले सगळे ससे सरकत सरकत त्या तुकड्यात जमलेले असायचे. तुम्ही हात वर केला की विळे थांबायचे. एका अंगाला जाळं उभं राहायचं, दुसऱ्या अंगानं आम्ही पोरं डबे वाजवत आत शिरायचो. धान हलतं आहे. काही दिसत नाही, फक्त लोंब्यांमधून एक रेघ पळते आहे. मग जाळं एकदम आत ओढलं जातं. तेव्हा ते चालायचं, सगळेच करायचे, आणि त्या दिवशी साऱ्या मोहल्ल्यात वाटे जायचे. मी तुम्हाला त्यासाठी दोष देत नाही. मीही ते खाऊनच वाढलो.

पण एका कापणीला मला त्या तुकड्याच्या कडेला एक पिल्लू सापडलं. माझ्या मुठीएवढं. मी ते सदऱ्यात घालून घरी आणलं आणि ढोलीमागे टोपलीखाली ठेवलं. संध्याकाळी तुम्हाला ते सापडलं. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडत नसत, त्यामुळे तुमचं बोलणं विसरता येत नाही. म्हणालात, "जो जीव जू वाहत नाई, दूध देत नाई, राखण करत नाई, त्याले घरात जागा नाई. घर कामाच्या जिवाचं." आणि पिल्लू घेऊन बांधीकडे गेलात. परत आलात तेव्हा हात धुतलेत. आई म्हणाली, बांधावर सोडून आले. मी ते मानलं. अजूनही मानतो.

आता पोळ्याच्या संध्याकाळचं सांगतो. दादा भद्रावतीहून आला होता. रिटायर झाल्यापासून तो पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी मटणाच्या करीला न चुकता येतो. मधल्या खोलीत पिशवी ठेवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "अबे, इकडं ये! हे काय आहे?" मी गेलो. तो जाळ्याची खालची कड हातात धरून उभा होता. कड राहिली नव्हती. जाळं खालून कुरतडलेलं होतं, दोन हात जातील एवढं भोक पडलं होतं.

मला ते आठवडाभर आधीच दिसलं होतं. आधी वाटलं खोडी आहे. ससा घरात ठेवला की चपला, वायर, पोत्याची कड, काही सोडत नाही. तुमच्या सुनेनं जाळं वर खोचलं, तर ती राखी कानाची पोत्यावर चढून तिथवर पोचली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, बाबा. ते मी खोटं सांगणार नाही.

"बाबाच्या हातची एवढीच वस्तू राह्यली घरात," तो म्हणाला. "दर दसऱ्याले आपण याची पूजा करतो. अन् तू सशाले खाऊ घातलं?"

मी म्हटलं, "मी नाई घातलं. त्यांनी खाल्लं."

"मग उद्या कर आहे. काय करायचं ते तुले माहीत आहे. बाबा असते तर त्याईनं विचारलंबी नसतं."

"त्यांना आवतण दिलं आहे, दादा."

"कोणाले?"

"सशांना. काल खांद मळली. ज्याला आवतण दिलं त्याला चाबूकसुद्धा दाखवायचा नाही, हे बाबांनीच सांगितलं आहे आपल्याला."

दादानं हातातलं जाळं सोडलं. मग म्हणाला, "आवतण बैलाले देतेत. बैल वर्षभर राबते. हे काय राबले? एक काम सांग यांचं. एक सांग, मी आत्ताच्या आत्ता गप्प बसतो."

तुमची सून दादाशी, म्हणजे भासऱ्यांशी, समोरासमोर बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. ती डोक्यावर पदर घेऊन आत आली, पांढऱ्याला उचलून कडेवर घेतलं आणि त्यालाच म्हणाली, "ऐकलं का रे, तुझं काम इचारून राह्यले. सांग त्याईले, मी रिटायर झालो म्हणा. रिटायर झालेल्याले कोणी करीले कापत नाई म्हणा."

दादाला हसू आलं असतं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी आलं असतं. पण त्यानं पिशवी उचलली आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "जाळं दुरुस्त कर अन् हे ससे घरातून काढ. नाई तर दसऱ्याची पूजा माझ्या घरी होईल, अन् तू तिथं येऊ नको." रात्री तो चुलतभावाकडे जेवला, कर तिथेच केली, आणि दुपारच्या बसनं गेला. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. तो खिडकीत बसला होता आणि समोर बघत होता.

घरी येऊन मी मधल्या खोलीत बसलो. दादाच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. ते तुम्हाला देतो, कारण प्रश्न तुमचाच होता.

ससे काही काम करत नाहीत, बाबा. एकही नाही. सकाळी मी पोथी वाचायला बसतो तेव्हा मांडीपाशी येऊन पसरतात. दिवा लावला की ज्योतीकडे बघतात. मी रताळ्याचे वेल आणतो, दूर्वा आणतो, लेंड्या झाडतो. बदल्यात काही मिळत नाही, आणि मी ते मागितलेलं नाही. देवाला मी रोज फूल वाहतो, तेव्हा देव माझं कोणतं काम करतो हे मोजत बसत नाही. मग या दोघांनी माझ्याकडे हिशेब का द्यायचा?

आणि दुसरं. हे बोलायला मला इतकी वर्षं लागली. तुम्हाला लकवा झाला तेव्हा तुमची बाज याच खोलीत होती, या जाळ्याखाली. उजवा हात गेला, पाय गेला. पहिल्या दिवसापासून तुम्ही तोच नियम स्वतःला लावला. मी ताट घेऊन यायचो तर तुम्ही तोंड भिंतीकडे करायचे. "बिनकामाचा झालो. मले बाहेर नेऊन टाका," म्हणायचे. अर्धी भाकर खायचे आणि उरलेली परत करायचे, जणू तुम्ही ती चोरली होती. मी शेतातून येऊन तुमच्या तोंडात भात भरवायचो, तुम्ही दात आवळून धरायचे. शेवटी शेवटी मी रागानं बोललो होतो, "खा ना बाबा, कोण मागते तुम्हाले काम?" तुम्ही माझ्याकडे बघितलं. तुम्हाला ते खरं वाटलं नाही. जन्मभर जे दुसऱ्याला दिलं नव्हतं, ते माझ्या हातून घेणं तुम्हाला जमलं नाही. त्या नियमानं तुम्हाला उपाशी ठेवलं, बाबा. त्या पिल्लाचं काय झालं मला माहीत नाही. तुमचं मी बघितलं.

म्हणून हा नियम मी पाळणार नाही. या घरात बिनकामाच्या जिवाला जागा आहे. मधल्या खोलीत आहे, देव्हाऱ्याशेजारी आहे. तुम्हाला होती, यांना आहे, उद्या माझे गुडघे गेले की मलाही लागेल. दादालाही लागेल. तो आला तर त्याची बाज तिथेच टाकीन आणि भरल्या ताटावर बसवीन, आणि तो भिंतीकडे तोंड करणार नाही हे बघीन.

असा मी बसलो होतो, तेव्हा राखी कानाची पोत्यावर चढली. जाळ्याला तोंड घातलं, कटकट आवाज करत एक धागा तोडला. पण तिनं तो खाल्ला नाही. तोंडात आडवा धरला, मिशीसारखा दोन्ही बाजूंनी लोंबत होता, आणि उतरून ढोलीमागे गेली. परत आली, दुसरा नेला. मी वाकून बघितलं. ढोलीमागे, जिथं मी टोपली पालथी घातली होती त्याच कोपऱ्यात, अंबाडीच्या धाग्यांचा एक खळगा झाला होता, आणि त्यात तिनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरले होते. मी तुमच्या सुनेला हाक मारली. ती बघून कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "दोन्ही माद्या म्हणे! दुकानदाराले दिसत नव्हतं का? अवो, बाळंतपणाची तयारी चालली आहे तिची, अन् आपण खोडी म्हणून राह्यलो."

मग मी उठलो आणि जाळं खुंटीवरून उतरवलं. तुम्ही टांगलं होतं त्यानंतर दसऱ्याखेरीज ते उतरलं नव्हतं. अंगणात नेऊन झटकलं. आधी गाठी सोडवायचा प्रयत्न केला, पण तुमच्या गाठी सुटतात कुठे. नखं दुखली. शेवटी विळा घेतला. लांब सुतळी ठेवली तर पिल्लांच्या पायात अडकेल, म्हणून वीतभराहूनही लहान तुकडे केले, एकेक पिंजून मऊ केला, आणि ढोलीशेजारी ढीग लावून दूर बसलो. संध्याकाळपर्यंत तिनं बराच नेला. दादाला फोन करून सांगितलं. त्यानं फोन ठेवला नाही. मग त्यानं विचारलं, "पिल्लं किती होतील?" मी म्हटलं, झाल्यावर सांगतो.

हे लिहून कुठं पाठवणार आहे मी? पोथीतच ठेवीन. एवढं मात्र सांगतो. खुंटीला हात लावण्याआधी मी हात जोडले होते आणि तुमची परवानगी मागितली होती. उत्तराची वाट पाहिली नाही.