आधी कान, मग कागद

अप्पा,

आज विभागातून लवकर घरी आले आणि पंखा लावून नुसती पडून राहिले. झोप येत नाही आणि काम करवत नाही. निवृत्ती जवळ आली की माणसं आपलं टेबल आवरायला घेतात, मी मात्र होतं नव्हतं ते सगळं विस्कटून बसलेय. तुमच्यामागे आई होती तोवर तिला सांगून मोकळी व्हायचे. आता घरात ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला कंटाळा आला तरी "बाहेर पेशंट बसलेत गं" म्हणून मध्येच उठता यायचं नाही, एवढी एक सोय आहे.

कोप्पीकर रोडवर तुमचा दवाखाना होता तिथे आता मोबाइलची दुकानं झालीत. अरुंद जिना तेवढा तसाच आहे. शाळा सुटली की मी तिथेच यायचे, कारण आई शिकवायला गेलेली आणि घराला कुलूप. स्पिरिटचा वास, तुमच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेला गोल आरसा, पेशंटच्या खुर्चीमागचा तो तापलेला दिवा. दुर्गदबैलच्या बाजारातले धान्याचे व्यापारी कानात धूळ घेऊन यायचे आणि बसायच्या आधीच जुन्या डॉक्टरांचे कागद पुढे करायचे. तुम्ही हातानेच थांबवायचात. आधी कान, मग कागद. एक दिवस अळणावरचा एक माणूस येतो, तिथल्या लाकूड कापायच्या गिरणीत कामाला असलेला. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी तो माझ्या हातात देतो, आणि नुकतंच इंग्रजी वाचता यायला लागलेली मी ऐटीत ती मोठ्याने वाचते, की गिरणीच्या आवाजाने याचं ऐकणं कमी झालंय. तुम्ही आरसा वर सरकवता.

"वाचलीस? झालं. आता मला तेच दिसणार की."

मग त्या माणसाला कानडीत "स्वल्प होरग कुंड्री, करीतेनि", थोडं बाहेर बसा, बोलावतो, म्हणून बाहेरच्या बाकावर बसवता. दुसरे पेशंट बघता, चहा पिता, आणि मी कोपऱ्यात रडू आवरत उभी. बऱ्याच वेळाने त्याला परत आत घेतलंत आणि काही ऐकलंच नसल्यासारखा त्याचा कान बघितलात. शेवटी चिठ्ठीत होतं तेच निघालं. मी लगेच उसळले, "मग मला रागवायचं काय कारण होतं?" तुम्ही हात धूत होतात. म्हणालात, "मघाशी ते अळणावरच्या डॉक्टरांचं होतं. आता आपलं झालं." मला तेव्हा काही कळलं नाही, राग मात्र रात्री जेवेपर्यंत टिकला.

पुढे मी पुरातत्त्व घेतलं तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "म्हणजे ही आता मेलेल्यांचे कान तपासणार म्हण की." अप्पा, अगदी तेच केलं मी. कारवारच्या बाजूला एका खाडीकाठी आमचं उत्खनन झालं. फार जुनी माणसं पुरलेली, शेजारी शिंपल्यांचे ढीग. काही कवट्यांमध्ये कानाच्या वाटेत हाडाच्या बारीक गाठी होत्या. गार पाण्यात वर्षानुवर्षं बुड्या मारणाऱ्यांना अशा गाठी येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग आम्ही तिघं एकत्र आलो. मी हाडांसाठी, इथलेच, धारवाडचे, एक कानाचे डॉक्टर गाठींसाठी, आणि समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारी कारवारची एक मुलगी शिंपल्यांसाठी. खूप वर्षं राबलो. ही पाणबुड्यांची वस्ती, खोल पाण्यात उतरून शिंपले काढणारी माणसं, असा आमचा लेख तयार झाला आणि एका चांगल्या नियतकालिकाने तो घेतलासुद्धा. विभागात पेढे वाटले मी.

मध्यंतरी माझ्या डाव्या कानात बारीक शिटी वाजायला लागली, म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेले. काम झाल्यावर लेखाचा विषय निघाला, तर ते सहज बोलून गेले, "मॅडम, तुम्ही पाणबुडे म्हणालात आणि ती मुलगी खोल पाणी म्हणाली, म्हणून मी तसं लिहिलं. एरवी एवढ्याशा गाठी कशानेही येतात की." मी जिना उतरले ती घरी कशी पोचले मला आठवत नाही. कारवारच्या त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, शिंपले तर उथळातही होतात, खोलातही. हाडं पाणबुड्यांची म्हणून तुम्हीच सांगितलंत की." आणि मी? त्या दोघांनी सांगितलं म्हणून मी पाणबुडे म्हणत होते. लग्न जमवताना होतं तसं झालं अप्पा, मामाला वाटतं काकाने चौकशी केलीय, काकाला वाटतं मामाने. तिघांनी एकमेकांचे कागद वाचले, आणि कानात असं कुणीच बघितलं नव्हतं.

लेख थांबवू या, असं मी म्हटलं. डॉक्टर लगेच हो म्हणाले, त्यांचा दवाखाना भरलेला असतो, त्यांचं काय जातंय. मुलीचं तसं नव्हतं. इतकी वर्षं ती तात्पुरत्या कामांवर दिवस काढतेय, एका कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत ठरली होती, आणि दाखवायला तिच्याकडे हा एकच मोठा लेख. ती फोनवर म्हणाली, "तुमची नोकरी करून झाली मॅडम. माझी अजून लागायची आहे." मी एवढंच म्हटलं की तिघांचं नाव आहे, तुझा होकार असल्याशिवाय मी काही कळवणार नाही. तिने फोन ठेवला. त्या दिवशी मला तुमचा राग आला. लहान पोरीसमोर माणूस काहीही बोलून हात धुऊन मोकळा होतो, आणि ती पोर ते जन्मभर वागवत बसते. तुम्ही ती चिठ्ठी ऐकून घेतली असतीत आणि हसला असतात तर आज मी गप्प बसले असते, मुलीला जागा मिळाली असती, आणि त्या जुन्या माणसांचं काही बिघडणार नव्हतं.

ती आली. कळवलं नाही, काही नाही, कारवारची बस पकडून खांद्यावर शिंपल्यांची पिशवी घेऊन धारवाडला माझ्या दारात उभी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हाडांचं काही सांगू नका. मी माझं बघते आधी." तीन दिवस माझ्या पडवीत भिंग घेऊन बसली. मी भात-आमटी नेऊन द्यायची आणि जीभ दाबून परत यायची. शेवटी तिने शिंपल्यांच्या झिजलेल्या कडा मला दाखवल्या. लाटांनी घासलेल्या, म्हणजे किनाऱ्यावर येऊन पडलेले, हाताने वेचलेले शिंपले. बुडी मारायचा प्रश्नच नाही. डॉक्टरांनी गाठी पुन्हा बघितल्या आणि नक्की सांगता येत नाही असं लिहून दिलं. उरली ती ओहोटीला किनाऱ्यावर शिंपले वेचणारी चार साधी माणसं. त्यांच्यावर कोण लेख छापणार? तिने होकार दिला आणि आम्ही तो मागे घेतला.

काल तिचा फोन आला. जागा दुसऱ्याला गेली. लेख मागे का घेतला असं तिथे विचारलं, तिने खरं ते सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "त्या कडा मी बघितल्या की मॅडम. आता बघितल्याच नाहीत असं कसं म्हणू?" आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "तुमचा कान दाखवलात का नीट?" मी म्हटलं, दाखवला.

तुम्ही मला दिलेला तो कपाळावरचा आरसा कपाटात एका डब्यात आहे, हे पत्र त्याच डब्यात घडी घालून ठेवीन. पण त्या डॉक्टरांकडची एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती तुमच्यापासून कुठे लपवू? त्यांनी कानात बघायची नळी हातात घेतली होती. कानाला लावायच्या आधीच मी म्हणून गेले, "वयाचं असणार. आमच्या अप्पांनाही शेवटी असंच व्हायचं." त्यांनी नळी खाली ठेवली, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. कानात बघितलंच नाही. पुन्हा जायला हवं, तोंड मिटून खुर्चीत बसायला हवं, हे काय मला कळत नाही? त्या मुलीला तिची जागा घालवून बघायला लावलं मी. पण त्यांनी मान हलवली तेव्हा मला बरं वाटलं, अप्पा. फार बरं वाटलं. म्हणून अजून गेले नाही.